पावण्याला आधी

आक्काताई कांबळे.

आधी हे नाव लिहिते, बाकीचं मागून. मला लिहायची सवय नाही. सातवीतून शाळा सुटली ती सुटलीच. लिहिता लिहिता भलतीकडं गेले, तर निदान नाव तरी वर राहील. शिरोळ तालुक्यातल्या, कृष्णाकाठच्या एका गावातल्या ह्या बाई. दुसऱ्यांच्या रानात भांगलायला जायच्या. माझ्या माहेरच्या नाहीत, सासरच्या नाहीत, जातीच्या नाहीत, बोलीच्या नाहीत. माझ्या दत्ताच्या दंडावर सुई टोचली गेली ती त्यांच्यामुळं, एवढंच आमचं नातं.

हंगाम सुरू झाला की मला त्यांची आठवण यायला लागते. आम्ही आता शिरोली एमआयडीसीला असतो. नवरा फौंड्रीत मोल्डिंगला आहे आणि मी फौंड्रीतल्या पोरांचे डबे करते. दिवाळी सरली की हायवेवरून उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात. मागं दोन-दोन ट्रॉल्या, वर डोंगराएवढा ऊस आणि पुढं टेपवर गाणं एवढ्या मोठ्यानं की भांड्यांवरची ताटली थरथरावी. वारा फिरला की मळीचा आंबूस वास येतो. बाकीची माणसं नाक मुरडतात. मी मात्र दारात जाऊन उभी राहते. त्या वासात ऊसतोडीच्या दिवसांतली माझी कोपी आहे, पाचटाचं अंथरूण आहे, बोटांत रुतलेली उसाची कुसळं आहेत, आणि पंधरा-सोळा वर्षांची मी आहे, पदराखाली लेकरू घेऊन.

यंदा वास यायची पंचाईत झाली आहे, कारण सगळ्यांच्याच तोंडाला रुमाल. स्वाइन फ्लू. डबे न्यायला येणारी पोरं डाकूसारखी तोंडं बांधून येतात. कोण शिंकलं की बाकीचे दोन पावलं मागं. परवा असंच सगळे ओट्यावर बसले होते. घरमालक आण्णा चहा पीत होते. बिरंची म्हणून एक ओडिशाचा पोरगा आहे, भट्टीवर असतो, त्यानं विचारलं, "काकी, लस आयेगा क्या?"

मी काही म्हणायच्या आत आण्णाच बोलले, "यील की! न येऊन सांगतीया कुणाला? पर पावणं, आदी गावच्यास्नी बरं का. तुमी तुमच्या मुलकात जाऊन टोचून घ्या."

सगळे हसले. बिरंचीही हसला, कारण त्याला निम्मंच कळलं होतं. आण्णा वाईट माणूस नाही. भाडं थकलं तरी दारात येऊन कधी आवाज चढवला नाही त्यांनी. पण माझ्या हातातली पळी तशीच राहिली. तेल तापून धुरायला लागलं आणि मोहरी टाकायची मी विसरून गेले.

'पावणं' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला फार आवडला होता. आमचा तांडा बीडकडं, बालाघाटच्या डोंगरात. घरात गोरमाटी बोलायची, मराठी शाळेत शिकले तेवढी. तांड्याबाहेर आम्हाला 'ए लमाणी' याशिवाय कुणी हाक मारली नव्हती. आणि इथं कोल्हापूरकडं आलो तर दुकानदार म्हणतोय, "काय पावणं, काय पायजेल?" गाडीवान म्हणतोय, "सरका पावणं." मी नवऱ्याला म्हटलं, ही माणसं किती चांगली, सगळ्यांना पाहुणा म्हणतात. नवरा माझ्या आधीपासून इकडं येत होता. तो नुसता हसला. म्हणाला, "पाहुणा म्हणजे काय, ते बघ म्हणजे कळेल. पाहुणा जातो."

आमच्या कोप्या गावापासून लांब, मळ्याच्या कडेला. चिखल-कुडाच्या सुद्धा नव्हेत, नुसत्या पाचटाच्या आणि चटईच्या. वाकून आत जायचं, वाकून बाहेर यायचं. काळी जमीन इतकी चिकट की पाणी सांडलं तर चप्पल तिथंच राहायची. पहाटे थंडीत सगळी टोळी कोयते घेऊन फडात जायची. मी मोळ्या बांधायची. दत्ता बांधावर, धोतराच्या झोळीत. तो जन्मलाही असाच, आदल्या हंगामात, ह्याच गावच्या खालच्या मळ्यात, कारखाना बंद व्हायला आला होता तेव्हा. कुणी विचारलं, याचं गाव कुठलं, तर मी तांड्याचं नाव सांगायची. पण त्याची नाळ पुरली आहे कृष्णेच्या मातीत.

पाणी आणायला गावात जावं लागायचं. गावातल्या नळावर आमच्या घागरी कुणाला नको असायच्या. तोंडावर नाही म्हणायचं नाही कुणी. फक्त आमची पाळी येता येता पाणी जायचं. मग कुणीतरी सांगितलं, वस्तीकडं जा. गावाच्या खालच्या अंगाला कांबळ्यांची, म्हणजे बौद्धांची वस्ती. तिथं एक हातपंप, आणि हातपंपासमोरच्या घरात आक्काताई. उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज असा की पलीकडच्या रानातला बैल मान वळवून बघेल. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "घाल घागर. आगं घाल की! पानी काय माज्या बाचं हाय?"

त्यांचा नातू गौतम चार-साडेचार वर्षांचा. हातपंपाचा दांडा धरून लोंबकळायचा आणि मला म्हणायचा, मी पाणी काढतोय. दत्ताच्या टोपड्यावरच्या आरशांत तोंड बघायला त्याला भारी आवडायचं. ते टोपडं माझ्या सासूनं शिवलं होतं. दत्ता रडायला लागला की गौतम आपलं तोंड त्या आरशाला लावायचा, आणि दत्ताला वाटायचं हा आपल्यालाच मुका देतोय.

मग गोवराची साथ आली.

आधी लांबच्या वाडीत आली म्हणत होते, मग गावात. ती आल्याचं मला कुणी सांगितलं नाही, मला ते नाकानं कळलं. घरात लेकराला गोवर निघाला की त्या घरात फोडणी द्यायची नाही, ही रीत आमच्या तांड्यातही होती आणि इथंही. तेल कडकडवायचं नाही, मिरची-मोहरीचा ठसका उठू द्यायचा नाही. नुसतं शिजवायचं आणि खायचं. सकाळी मी घागर घेऊन गावातून जायची तेव्हा दोन्ही बाजूंच्या घरांतून लसणीचा, कांदा-लसूण चटणीचा वास यायचा. माझ्या शिळ्या भाकरीला तोच वास कालवण म्हणून पुरायचा. त्या दिवसांत एकेक घर मुकं व्हायला लागलं. आज तालमीजवळचं. उद्या पिठाच्या गिरणीमागचं. दाराला लिंबाचा डहाळा, आत अंधार, आणि वास नाही. मी वास घेत चालायची. गोवर कुठपर्यंत आला, किती घरं उरली, आमच्या कोप्या अजून किती लांब. दत्ता नुकता रांगायला लागला होता. बरगड्या मोजाव्यात असा. त्याला गोवर झाला तर तो राहणार नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तांड्यातली तशी लेकरं मी बघितली होती.

एका सकाळी गावात रिक्षातून पुकारलं. शाळेत लस देणार, गावातल्या सगळ्या लहान मुलांना आणावं. 'गावातल्या'. तो एक शब्द मला दिवसभर फडात टोचत राहिला, कुसळासारखा. मुकादमाला विचारलं तर म्हणाला, खाडा पडेल. नवरा म्हणाला, पडू दे.

शाळेच्या व्हरांड्यात टेबल, टेबलावर लसीचा निळा डबा, आत बर्फ, आणि पांढऱ्या साडीतल्या नर्सबाई. समोर बायकांची ही ओळ, पार फाटकापर्यंत. आणि कडेला चिंचेखाली आणखी एक घोळका. वस्तीतल्या बायका. त्यांना तिकडं उभं राहा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. त्या आल्या आणि तिकडं गेल्या, जसं पाणी उताराकडं जातं. गावाचं झालं की त्यांचं. गावजेवणात पंगती बसतात तसंच. आधी पावणे, मग गाव, आणि सगळ्यांत शेवटी, उरलं तर, वस्ती. आक्काताई त्याच घोळक्यात गौतमचं बखोट धरून उभ्या होत्या.

मला कुठं उभं राहायचं ते कळेना. गावाची ओळ होती, वस्तीची जागा होती, आमची कुठलीच नव्हती. मी ओळीच्या शेपटाला लागले. पुढची बाई वळून बघायला लागली. तेवढ्यात पंचायतीचा एक मेंबर ओळ नीट करत आला.

"कुटनं आलासा, पावणं?"

"कोप्यांवरून."

"मग बाजूला व्हा. गावच्या पोरांचं हुंदे. लस मोजून आलीया. तुमी काय, उनाळ्यात गावाकडं जानार. तकडं टोचून घ्या की."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तो अगदी समजावून सांगत होता. पुढची बाईही म्हणाली, "व्हय बाई, आमच्याच प्वारांस्नी पुरंल का न्हाय, कुनाला म्हाईत." तिच्या कडेवरचं पोर पिवळंफट्ट होतं. तिची भीती आणि माझी भीती एकच होती, फक्त तिच्या भीतीला घर होतं. मी दत्ताला घट्ट धरलं आणि ओळीतून बाहेर पाऊल टाकलं. भांडायला मला यायचं नाही. आजही येत नाही. घशात शब्द येतात ते गोरमाटीत, आणि मराठी होईपर्यंत वेळ निघून जाते.

चिंचेखालून आवाज आला.

"आरं ए मेंबर! पावणं म्हनतुयास आन् मागं ढकलतुयास व्हय रं?"

सगळ्यांच्या माना वळल्या.

"तुज्या पोरीच्या लग्नात पावन्यास्नी कवा वाढलंतंस? आदी का मागनं?"

बायका खुसूखुसू हसायला लागल्या. मेंबरही हसला. म्हणाला, "आक्का, तू गप. ही काय जेवनाची पंगत न्हाय. लस हाय ही."

"पंगत न्हाय?"

"न्हाय."

"नक्की न्हाय न्हवं?"

"आगं न्हाय म्हनतोय की!"

"मग आमी मागच्या पंगतीला कशाला बसलोय हितं?"

एक पोर रडत होतं आणि लांब कारखान्याचा भोंगा. चिंचेखालच्या बायकांनी पहिल्यांदाच आपल्या पायांखाली बघितलं, आपण कुठं उभ्या आहोत ते.

नर्सबाईंनी हातातला कापूस खाली ठेवला. इतका वेळ त्यांनी मान वर केली नव्हती. त्या म्हणाल्या, "चिंचेखालचे सगळे इकडं या. एकच ओळ करायची. नऊ महिन्यांच्या पुढची जी बारकी, ती पुढं. मोठी मागं. मला आडनाव नको, गाव नको. पोराचं वय सांगा."

मग जी ढकलाढकली झाली! सरक गं, माजं बारकं हाय. खोटं बोलू नगंस, दोनदा होळी बगितली त्येनं. वस्तीतल्या बायका, गावातल्या बायका, मधे मी. कुणाचा पदर कुणाला लागतोय हे बघायला त्या दिवशी कुणाला सवड नव्हती. दत्ताचं वय मी सांगितलं, "मागचा कारखाना बंद व्हायच्या टायमाला झाला." नर्सबाईंनी बोटांवर महिने मोजले आणि मला पार पुढं घेतलं. सुई टोचली तेव्हा दत्ता असा ओरडला की टोपड्यावरचे आरसे लखलखले. मी हसत होते आणि डोळ्यांतलं पाणी नाकावरून खाली गळत होतं.

गौतम थोराड. तो आपसूक शेवटाला गेला. त्याच्या शेजारी मेंबरचा पोरगा, त्याच्याच वयाचा. दोघं एकाच उसाचं कांडं आळीपाळीनं चावत उभे होते. आणि ओळ त्यांच्यापर्यंत यायच्या आतच लस संपली.

नर्सबाईंनी डबा उलटा करून दाखवला. बर्फाचं पाणी पायरीवर सांडलं. "पुन्हा येणार आहे, आठवड्याभरात," त्या म्हणाल्या. मेंबर खाली बघत आपल्या पोराचा हात धरून निघून गेला. आक्काताईंनी त्या बर्फाच्या पाण्यात पदराचं टोक बुडवलं आणि गौतमचं तोंड खसाखसा पुसलं. "ही घे तुजी लस. सुई फुडच्या खेपंला." गौतम खूश. त्याला टोचून घ्यायचंच नव्हतं.

पुढच्या खेपेआधीच एका सकाळी मी हातपंपावर गेले, तर समोरच्या घरातून वास आला नाही.

आक्काताईंची फोडणी सगळ्या वस्तीत वरचढ असायची. ठेचलेला लसूण आणि हात सोडून टाकलेली चटणी. पंपावर उभं राहिलं तरी ठसका लागायचा. त्या दिवशी काही नाही. दाराला लिंब. मी घागर तशीच टाकून दाराशी गेले, तर आतूनच ओरडल्या, "आत यू नगंस! तुजं बारकं हाय."

"त्याला टोचलंय की आक्का."

"टोचलंय म्हून काय परीक्षा बगायची व्हय? जा मागारी. आन् घागर भरून ने, तितं सोडू नगंस, शेरडं तोंड घालत्यात."

मी रोज जायची. दाराबाहेर उभी राहायची. आत गौतम कण्हत असायचा. त्याच्या अंगावरचं ओसरलं, ताप उतरला, पण कान वाहायला लागला आणि वाहतच राहिला. दत्ताला काही झालं नाही. आमच्या कोप्यांतल्या एकाही लेकराला गोवर निघाला नाही. मग फड संपला, मुकादमानं टोळी दुसऱ्या गावी हलवली, आणि आम्ही भांडीकुंडी गाडीवर टाकून गेलो. पाहुणा जातो, नवरा म्हणाला होता तसं. आक्काताईंनी गाडीत शेंगांचं गाठोडं टाकलं. मी काय दिलं? काही नाही. माझ्याजवळ होतंच काय.

हे मनातल्या मनात मी किती वेळा उलटून-पालटून बघितलं असेल. वस्तीची ओळ वेगळीच राहिली असती तर? तरी गौतम शेवटीच होता, लस संपलीच असती. असं मी स्वतःला सांगते. दिवसा पटतं. मग दत्ताला जरा कणकण आली, की त्याच्या दंडावर हात फिरवताना दुसऱ्या एका पोराचा कान आठवतो.

पुढं कोयता सुटला, नवऱ्याला फौंड्रीत काम मिळालं. त्या मोठ्या पुराच्या वर्षी, पाणी ओसरल्यावर, मी पहिल्यांदा त्या गावी गेले. भाकरी बांधून नेल्या होत्या. सगळं गाव चिखलाच्या रंगाचं झालेलं. आक्काताई दारातला गाळ खोऱ्यानं ओढत होत्या. मला बघून म्हणाल्या, "पावणं, आदी चप्पल काड, मग रड." गौतम मिसरूड फुटायच्या वयाचा झाला होता. मी बोलले की तो मान वाकडी करून उजवा कान पुढं करायचा. डाव्यानं त्याला ऐकू येत नाही.

मी न राहवून विचारलं, "आक्का, त्या दिवशी तुम्ही बोलला नसता तर?"

"तर काय? तुजा बी सुईबिगर ऱ्हायला आसता, आन् आमच्या वस्तीतली तान्ही बी." खोरं थांबलं नाही. तसंच गाळ ओढत म्हणाल्या, "आन् खरं सांगू? मला त्या मेंबरचा लई दिसांचा राग हुता. तू हुतीस म्हून बोलाया सापडलं. माज्यासाटनं मी कदी तोंड उगडलं नसतं." मग गौतमकडं बघून हसल्या, "ह्येचं काय वाईट न्हाय. बायकू आली की डाव्या अंगाला बसवायची, म्हंजे झालं."

तोच गौतम आता उसाचा ट्रॅक्टर चालवतो. टेप एवढा मोठा का, ते मला माहीत आहे. शिरोलीवरून जाताना तो हॉर्न मारतो आणि मी डबा देते, आक्कांसाठी. पैसे देऊन बघितले, तो हात मागं घेतो. डबा मात्र परत येताना कधी रिकामा येत नाही. कधी काकवी, कधी शेंगा, कधी नुसती मूठभर हरभऱ्याची भाजी. आमच्यातही भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. त्यामुळं माझ्यावरचं देणं कमीच होत नाही. परवा त्यानं सांगितलं, म्हातारी खोकतीया.

तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. दत्ताची दहावी तोंडावर आहे. मी त्याला अभ्यास कर म्हणते आणि स्वतः दारात जाऊन उभी राहते. पेपरात रोज येतं, लस येणार. आधी कुणाला देणार ते मात्र नीट कळत नाही. शहराला, मग गावाला, मग उरली तर वस्तीला? आणि कोप्यांना? भट्टीवरच्या ह्या पोरांना?

त्या दिवशी करपलेलं तेल मी ओतून दिलं, दुसरं तापवलं, आणि आण्णांना म्हटलं, "आण्णा, तुमच्यात पावण्याला वाढतात कधी? आधी का मागून?" आण्णा म्हणाले, "आदी. का गं?" मी म्हटलं, "काही नाही," आणि पहिला डबा बिरंचीचा भरला. एवढंच जमलं मला. आक्कांसारखा आवाज माझ्यात नाही. पण शब्द पाठ आहेत.

आक्का, लस आली की मी शिरोळला येणार. तुम्हाला हाताला धरून ओळीत उभं करणार. कुणी आडनाव विचारलं तर मी वय सांगेन. इथं बिरंचीला कुणी बाजूला हो म्हटलं, तर तुम्ही चिंचेखालून म्हणाला होता तेच म्हणेन, मोठ्यानं, मराठीत, अडखळले तरी. मग तुम्हाला आमच्या घरी आणेन. तुम्ही मला इतकी वर्षं पावणं म्हटलंत, एकदा तुम्ही माझ्या पावण्या व्हा. गौतमला तुमच्या उजव्या अंगाला बसवीन, त्याच्या पलीकडं मी बसेन, म्हणजे त्याचा चांगला कान माझ्याकडं येईल. लसूण ठेचीन, चटणीला हात आखडणार नाही, गल्लीच्या टोकापर्यंत ठसका जाईल अशी फोडणी देईन. आणि आधी तुम्हाला वाढीन.